मगदूम मॅडमच्या खुणा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. चौकोनातली एक टिक, तिचं काय एवढं? — असं आठ वर्षं स्वतःला सांगत आलोय. आता त्या सांगण्याचीच चीड येते.

सांगलीत मी कॉलेजांसाठी प्रोग्राम लिहितो. एका नर्सिंग कॉलेजला प्रवेशाचा प्रोग्राम दिला होता. मुलीचं नाव, नावाखाली तिच्या कागदांची यादी, प्रत्येकापुढे एक चौकोन. कागद आला की टिक. सगळे आले की नावापुढेही आपोआप टिक. काही यायचे असले तर तिथं अर्धवट, करडा चौकोन. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

खुणा करायचं काम मगदूम मॅडमकडं. माधवनगरहून यायच्या. कुठलाही कागद हातात आला की आधी उलटून मागची बाजू बघायच्या — अशी बाई. त्यांनी एकदा फोन केला, "सर, काल केलेल्या खुणा आज दिसत नाहीत हो." मी काय म्हणालो? "मॅडम, तुम्ही सेव्ह करत नसाल." प्रोग्राम उघडूनसुद्धा न बघता!

मग पाटणकडची एक मुलगी यादीतून गळाली. तिचा एकच दाखला यायचा होता, त्याला मुदत मिळालेली. बाकी सगळे कागद जमा. पण प्रोग्राम दाखवत होता की एकही आलेला नाही — आणि जागा दुसरीला गेली. वडील फौजेतून रिटायर झालेले. मुलीला घेऊन आले, प्राचार्यांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "आवं सायेब, त्यो एक दाखला सोडला तर समदे कागद म्या माझ्या हातानं दिल्यात. ह्या बाईंनी माझ्यासमोर खुणा केल्यात." मॅडम शेजारी उभ्या, हो म्हणून मान हलवत. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं होतं, काय ते बघा म्हणून.

मी बाहेर मॅडमच्या टेबलाशी, त्यांच्या खुर्चीत बसलो. दहा मिनिटं लागली, जास्त नाही. सेव्ह करताना मी दोनच उत्तरं ठेवली होती — हो किंवा नाही. अर्धवटाला जागाच नव्हती, त्याचं 'नाही' होत होतं. आणि यादी परत उघडली की नावापुढचं ते 'नाही' खालच्या प्रत्येक कागदावर उतरायचं. मॅडम खुणा करत होत्या. माझा प्रोग्राम त्या पुसत होता.

कळलं ना तुम्हाला? मलाही कळलं होतं. त्याच खुर्चीत. मग मी उठलो, प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "प्रोग्राम ठीक आहे. एंट्री करताना चूक झालीय."

भीती? कसली भीती? आणखी दोन कॉलेजांशी बोलणं चाललं होतं, एवढंच. मला कुणी फासावर देणार नव्हतं! त्या फौजी माणसानं मॅडमकडं एकदा पाहिलं आणि मुलीला घेऊन निघून गेला. तिचं वर्ष गेलं. कॉलेजनं मॅडमकडून लेखी खुलासा घेतला.

याहून घाण पुढं आहे. दोन दिवसांनी मी गुपचूप दुरुस्ती केली, रंग जरा बदलले आणि नवं व्हर्जन म्हणून बसवलं. खुणा राहायला लागल्या. तर मॅडमचा फोन — "आता होतंय बघा बरोबर. माझंच चुकत होतं वाटतं. तुम्हाला उगाच त्रास दिला, सर." त्या माझी माफी मागत होत्या. माझी! आणि मी मोठ्या मनानं म्हणालो, "असू दे मॅडम, होतं असं."

पुढे त्या प्रत्येक टिक शिपायाला बोलावून दाखवायला लागल्या — "बघ रं, दिसतीया न्हवं तुला?" लोक हसायचे. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. आपल्याच डोळ्यांवर भरवसा राहिला नाही म्हणाल्या. त्या ऑफिसातले सगळ्यात चोख डोळे, आणि ते खोटे आहेत हे मी त्यांना पटवून दिलं होतं.

गेल्या महिन्यात मंडईत भेटल्या. मी तोंड चुकवायच्या आत त्यांनीच हाक मारली. माझ्या बायकोला म्हणाल्या, "लय भले आहेत हो तुमचे मिस्टर. माझ्या एवढ्या चुका झाल्या, पण कधी आवाज चढवला नाही."

त्यांची एकही चूक नव्हती. हे मला तिथं उभं असतानाही माहीत होतं. मी हसलो, भाजीची पिशवी उचलली आणि चालू लागलो.