रंगूनहून चालत आलेले सहादेव

घोडेगावात आमच्या शेजारी राहणारे सहादेव तरुणपणी रंगूनच्या गोदीत कामाला होते. बेचाळीस साली तिथं बॉम्ब पडू लागले, तेव्हा धाकट्या भावाला, गहिनीनाथला घेऊन ते रानातून चालत निघाले. वाटेत भावाला हगवण लागली. सहादेवांनी त्याला पाठीवर घेतलं. एका चढावर पाय उचलेनात, तेव्हा त्याला झाडाखाली बसवून पाणी आणायला म्हणून पुढं गेले, ते मागं वळलेच नाहीत.

तेव्हापासून ते पीत. मनकर्णाशी लग्न झालं, बैलबाजारात दलालीही जमली. पण एकाहत्तरला रेडिओवर लढाईच्या बातम्या लागल्या, की भट्टी सुटेना.

पुढच्या दसऱ्याला मात्र त्यांनी दारू सोडली. मनकर्णा रोज त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची आणि लाजून मला सांगायची, "न्हाई आला, वैनी."

माघात तंबूतला सिनेमा आला. लढाईतून पळालेला माणूस दारूपायी वाया जातो आणि शेवटी सुधारतो, असं तिनं ऐकलं. "माझं ऐकून कान किटलेत ह्यांचे. पडद्यावरच्याचं तरी ऐकतील."

"बैल बरा," सहादेव म्हणाले. "त्याला कुनी शिनेमा दावत न्हाई."

दिवेलागणीच्या खेळाला गेलो. बायका एकीकडं, पुरुष दुसरीकडं, मध्ये कनात. पडद्यावर तो माणूस गर्दीत म्हाताऱ्या आईला पुलावर सोडून पळाला. मनकर्णानं माझं मनगट घट्ट धरलं. कनातीपलीकडं बघायला ती उठली.

"ए बाई, खाली बस की! तू काय काचंची हायेस?" मागून कुणीतरी ओरडलं.

ती बसली. शेवटी पडद्यावरच्यानं बाटली फोडली, तेव्हा डोळे पुसत हसली. "बघितलं असंल ना ह्यांनी?"

सहादेव मात्र पुलाचा प्रसंग आला तेव्हाच उठून गेले होते. खेळ सुटल्यावर बघतो तर तंबूमागं हातभट्टीवाल्यापुढं जमिनीवर बसले होते. वास लांबूनच आला.

मनकर्णा त्यांच्यासमोर टेकली. "अवं, सुटली त्याची. तुमी बघाया पायजे हुतं."

"अन् म्हातारी?"

"कोन?"

"पुलावरची. तिला आनाया गेलं का कुनी?"

मनकर्णानं माझ्याकडं पाहिलं. म्हातारी सिनेमात पुन्हा आलीच नव्हती.

"गेलं की. आनली तिला."

सहादेवांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "तुला खोटं बोलता येत न्हाई, मनकर्णे," म्हणाले, आणि भरायला भट्टीवाल्यापुढं ग्लास केला.

तिनं तो हिसकावला नाही. त्यांचं पिऊन होईतो शेजारी बसून राहिली.