वासुदेवाची लायकी

वासुदेवाकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट नव्हतं. वीस वर्षं तो दुर्गाघाटावर चुलत्यांकडे, वेणीमाधवकाकांकडे, यात्रेकरूंच्या वह्या लिहीत होता: कुठल्या गावचा कोण आला, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू. उल्हासचं, म्हणजे काकांच्या मुलाचं, लग्न ठरलं आणि काकांनी सांगून टाकलं, "दसऱ्यानंतर आपली सोय बघ." अठ्ठावन्न साल होतं. पदरात दोन मुली.

हस्तलिखितांच्या एका ग्रंथालयात कारकुनाची जागा निघाली. अर्जातल्या शिक्षणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'सोबतची वही पाहावी.' काका मणिकर्णिकेवर गेलेले पाहून त्यानं साताऱ्याकडची वही शालीत गुंडाळली. वही उंबरा ओलांडत नाही. दारात यजमान उभा राहिला आणि त्याचं नाव दाखवता आलं नाही, तर तो दुसरा उपाध्याय धरतो. मागोमाग त्याचं सगळं गाव जातं.

"वैशाखात शाल? बद्रीनाथला निघालास काय रे?" शेजारच्या ओट्यावरून पद्माकाकूंनी विचारलं.

"अंगात कसर आहे, काकू," तो म्हणाला. घाम मानेवरून ओघळत होता.

कचेरीत सुपरिंटेंडेंटनी वही उघडली. "हमने बायोडाटा माँगा था, पंडितजी. आप तो पूरा खानदान उठा लाए!" कारकून हसले.

"कोई भी गाँव बोलिए, साहब."

साहेबांनी वहीतल्या गावांच्या सूचीत एका नावावर बोट ठेवलं: वाठार. वासुदेवानं मिनिटाच्या आत पान काढून तिथल्या एका घराच्या चार पिढ्या वाचून दाखवल्या. हसणं थांबलं.

"छोड़ जाइए. शनिवार को बड़े साहब देखेंगे."

मंगळवार होता. शिपाई वही उचलून कपाटाकडे निघालासुद्धा.

"साहब, यह मेरी नहीं है. काका की है. पूछा नहीं."

साहेबांनी वही परत मागवली आणि त्याच्यापुढे सरकवली. "काका से लिखवा लाइए कि अक्षर आपके हैं. शनिवार तक. नहीं तो अर्ज़ी रद्द."

तो घरी पोचला तेव्हा काका वहीच्या रिकाम्या कोनाड्यासमोर बसले होते. त्यांनी वही घेतली, एकेक पान उलटून पाहिलं. वासुदेव भिंतीला टेकून उभा होता. त्यानं सगळं सांगितलं.

"काय लिहू? पुतण्या चोर आहे म्हणून?"

"अक्षर माझं आहे. एवढंच लिहा."

काकांनी वही कोनाड्यात ठेवली.

"दौत आण. लिहून देतो. नोकरी लागो न लागो, आजपासून या घरातल्या वहीला हात लावायचा नाही."

वासुदेवानं दौत आणली. काकांना पत्र लिहायला दोन ओळी पुरल्या. त्यानं ते घडी करून खिशात ठेवलं. शनिवारला चार दिवस होते, आणि त्याच्याकडे आता त्या दोन ओळीच होत्या.