सकाळचा वर्ग, संध्याकाळचा वर्ग

धुळ्यातल्या एका शिकवणीच्या सरांनी आम्हा खेड्यावरच्या पोरांना फसवलं. फी शहरातल्या पोरांइतकीच घेतली आणि माल हलका दिला. मी आयुष्यभर कापसाचे सौदे केले, मला हा प्रकार ओळखता येतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दहावीला मी इंग्रजीत नापास झालो होतो आणि ऑक्टोबरला पुन्हा बसणार होतो. पास झालो तर मामा जळगावला एका सोसायटीत कारकून म्हणून लावणार होते. नाही झालो तर वडिलांबरोबर जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात. तिथल्या रोलरने वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. ते डाव्या हाताने भाकरी मोडत. जेवताना मी खाली ताटात बघायचो.

सरांचे वर्ग दोन. सकाळी शहरातली पोरं, संध्याकाळी एस.टी.ने येणारे आम्ही. इंग्रजीच्या पेपरात वाक्यात जागा मोकळी सोडून क्रियापद निवडायला सांगत. इज की आर, हॅज की हॅव. सर आम्हाला म्हणाले, वाक्य वाचत बसू नका, बोर्ड जुनेच प्रश्न फिरवतं. त्यांनी उत्तरांचा पाढाच करून दिला. इज, आर, आर, हॅज, इज, हॅव. गावच्या शाळेत आम्ही सगळं असंच एका सुरात शिकलो होतो, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. निंदणी करताना, विहिरीवर, एस.टी.त, मी तो पाढा म्हणत राहिलो.

पेपर हातात आला. वाक्यं नवीन होती. तरी ओळीने पाढा लिहीत गेलो. पाढा संपला आणि खाली वाक्यं उरलीच. घामाने कागद बोटांना चिकटायला लागला. पुढच्या बाकावर आमच्याच वर्गातला एकजण बसला होता. त्याची मान तालात हलत होती. तो पुन्हा पहिल्यापासून पाढा म्हणत होता. ते बघून मला जास्त भीती वाटली. आता कुणाकडे बघायचं, तेच कळेना.

पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर सकाळच्या वर्गातला एक पोरगा भेटला. तोही खेड्यातलाच, पण धुळ्यात मावशीकडे राहायचा. मी त्याला पाढ्याचं सांगितलं. तो हसला.

"पाढा कशाले? एक पोऱ्या शे, बठ्ठा पोऱ्या शेतस. आपण म्हणतस ना? तसंच इज आनि आर. कर्ता एक शे का जास्ती, इतलंच देखानं."

शे म्हणजे आहे, शेतस म्हणजे आहेत; आम्ही घरी रोज हेच बोलत होतो. "तुले कोनी सांगं?" मी विचारलं.

"सरनी. रोज फळ्यावर."

मी तडक सरांच्या घरी गेलो. ते ओट्यावर चहा घेत होते. आम्हाला हे का शिकवलं नाही, असं विचारलं. आवाज चढला होता. सर शांतपणे म्हणाले, "त्यांना समजतं, तुम्हाला पाठ होतं. ज्याला जे झेपतं ते दिलं."

निकाल लागला. नापास झालो. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं आणि वडिलांनी मला रोलरशी उभं केलं. कापूस सारताना हात आत जाईल म्हणून मी तो सारखा मागे ओढायचो. रात्री झोपेतही हात मागे ओढायचो. पुढे गेटवर येणाऱ्या कापसाच्या गाड्यांचा भाव करायला शिकलो, त्यातून स्वतःचा धंदा उभा केला. पण अजूनही इंग्रजी कागद समोर आला की माझे तळवे ओले होतात, आणि मग मी समोरच्या माणसावर उगाच ओरडतो.

सर अजून धुळ्यात आहेत. त्यांचा सत्कार होतो, चांगले शिक्षक म्हणतात. म्हणोत. पण जी गोष्ट एका पोराने मला फाटकात उभ्या उभ्या समजावली, ती आम्हाला झेपणार नाही हे त्यांनी कशावरून ठरवलं? आम्हाला एकदा तरी विचारून बघितलं होतं का? सर, उत्तर तुम्ही द्यायचं आहे.