हनुवटीवरची खूण

पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुडिओत थांबले होते. माझ्याआधी एक आई आणि तिची लेक होती. लेकीचा फोटो स्थळांना पाठवायचा होता. तिचा हसरा चेहरा स्क्रीनवर मोठा करून फोटोग्राफरने विचारलं, "काकू, गालावरचा तीळ काढू ना?"

"काढा की. आणि रंगही जरा उजळ करा," आई म्हणाली.

माऊस दोनदा फिरला आणि तीळ गेला. मुलीचं बोट नकळत गालाकडे गेलं.

माझा हात केव्हाच माझ्या हनुवटीवर होता. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडले, त्याची खूण तिथे होती. स्थळांसाठी काढलेल्या माझ्या फोटोत ती ब्रशने मिटवली होती. घरचे खूश झाले. खोटं कशाला सांगू, मीही झाले होते. आता ती खूण सुरकुत्यांत अशी मिसळली आहे, की आरशात शोधूनही सापडत नाही. त्या वयातला माझा तो एकच फोटो. अल्बम उघडला की त्यातली गोरी, नितळ मुलगी माझ्याकडे बघते आणि मला तिची ओळखच पटत नाही. झाडावर चढणारी ती दुसरी मला एकदा, एकदाच बघायची आहे. पण तिचा फोटो कुणी ठेवलाच नाही.

आई चपला घालायला दाराशी गेली. मुलगी स्क्रीनपाशी वाकून हळूच म्हणाली, "दादा, आधीचा डिलीट करू नका हं. तो मला पाठवा."