जावयाने न पाहिलेला फोटो

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार. सेलू. सकाळी ढग, दुपारी लख्ख ऊन. शेजारच्या चंद्रभानकडची सगळी माणसे आंघोळीला आमच्याकडे. बंब दोनदा पेटवला. माझ्या बहिणीचे, गीताबाईचे पत्र आले. चंद्रभानच्या बायकोने, सरजाबाईने, त्याला शेवटचे सांगितले: दिवाळीच्या आत आईचे तोंड दिसेल असा एक फोटो, नाहीतर कॅमेरा विकायचा. दोघांचेही बोलणे ऐकू आले, कारण भिंत एकच आहे.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. पण चंद्रभान कोण आणि त्याची माणसे आमच्याकडे आंघोळीला का येत, हे सांगायला हवे.

चंद्रभान एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर नंबर घालायचा. वय चाळीसच्या आसपास, अंगाने किरकोळ, बोलणे हळू. दिवसभर नंबर घालून घरी आला की तो पुन्हा नंबरांतच रमायचा, कारण हैदराबादला जुन्या सामानाच्या दुकानात त्याला दोन भिंगांचा एक जपानी कॅमेरा मिळाला होता. त्यात वरून वाकून काचेत पाहायचे असते. काचेत डावे ते उजवे दिसते. त्यामुळे चंद्रभान समोरच्याला "जरा डावीकडं सरका" म्हणायचा आणि तो बिचारा सरकत सरकत चौकटीतूनच निघून जायचा.

एका रोलमध्ये बारा फोटो. प्रत्येकाची नोंद एका वहीत: भिंगाचे भोक किती उघडले, पडदा सेकंदाचा कितवा भाग उघडा ठेवला, ऊन कसे होते. भोकाचे आकडे अकरा, आठ, पाच-सहा असे असतात आणि आकडा जितका लहान तितके भोक मोठे. हे मला पटायला एक आठवडा लागला. वही मी पाहिलेली आहे. "शेळी. आठ. एकशेपंचवीस. शेळी हलली." पुढच्या ओळीत, "तीच शेळी. अकरा. एकशेपंचवीस. शेळी गेली." अशी दोन पाने शेळीचीच होती. माणसांचे फोटो कमी, कारण आकडे जुळवून होईपर्यंत माणसांचे हसू वाळून जायचे. त्याच्या फोटोतली माणसे बसची वाट पाहत असल्यासारखी दिसत.

आणि फिल्मची धुलाई घरातच, न्हाणीत. खिडकीला गोणपाट, दिव्याला लाल कागद, पाटावर तीन थाळ्या. मागच्या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या दिवशी न्हाणीत एक ओली फिल्म वाळत होती. धूळ बसेल म्हणून चंद्रभानने दार उघडू दिले नाही. सरजाबाईला उटणे लावून दुपारी बारापर्यंत तशीच बसावे लागले. ते ती विसरली नव्हती.

"वर्षभर शेळ्या काढल्या," ती त्या मंगळवारी म्हणाली. "माझी आई पंधरा दिवसांसाठी आलीय, सत्तर वर्षांची हाय, जन्मात एक फोटू न्हाई तिचा. तेवढा काढा. न्हाईतर इका ते डबडं आन् न्हाणी मोकळी करा."

"डबडं म्हणू नको," चंद्रभान म्हणाला. बाकी सगळे त्याला कबूल होते.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. सरजाबाईचे माहेर पालमकडचे आणि त्यांच्या घराण्यात सासूने जावयाला तोंड दाखवायचे नाही अशी रीत. लग्नाला अठरा वर्षे झाली होती. सासूबाईंचा, चांगुणाबाईंचा, आवाज चंद्रभानच्या ओळखीचा होता, हात ओळखीचे होते, पायांतली जोडवी ओळखीची होती. चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. तो दारात दिसला की त्यांचा पदर हनुवटीपर्यंत खाली येत असे.

बुधवारी पहिला प्रयत्न झाला. अंगणात लिंबाखाली बाज टाकली, वर घोंगडी, तिच्यावर चांगुणाबाई. चंद्रभानने वाकून पाहिले, मोजपट्टीने बाजेपर्यंतचे अंतर मोजले, आकाशाकडे पाहिले, आकडे फिरवले.

"आई, पदर," सरजाबाई म्हणाली.

"घेतलाय की," पदराच्या आतून उत्तर आले.

"घ्यायचा न्हाई, काढायचा!"

"जावईबापू समोर उभे हायेत आन् पदर काढू? तुजं डोकं फिरलंय का?"

"ते तुला बघायले न्हाईत, ते काचेत बघायलेत."

"मग काचेत कोण हाय? मीच की."

चंद्रभानने तसाच फोटो काढला. छापून आला तेव्हा मी तो पाहिला आणि खरे सांगते, इतका स्वच्छ फोटो त्याने त्याआधी काढला नव्हता. पदराच्या काठावर विणलेली रुईफुले मोजता येत होती. आत कोण आहे ते मात्र सांगावे लागत होते. सरजाबाई म्हणाली, "ह्यापरीस दांडीवरचं लुगडं काढायचं."

गुरुवारी चंद्रभान तयारीने आला. कॅमेऱ्याला एक खिटी होती. ती ओढून ठेवली की दहा सेकंद घुर्र आवाज होतो आणि मग फोटो आपोआप निघतो. म्हणजे खिटी ओढायची आणि जावयाने पळून जायचे. तो गेला की सासूबाई पदर काढणार. कागदावर हे बिनचूक होते. त्याने दोनदा अंगणात पळून पाहिले. दाराबाहेर जायला सहा सेकंद लागत होते. पदराला चार उरत होते.

खिटी ओढून तो पळाला. पायात चप्पल अडकली, ती सोडून पळाला. चांगुणाबाईंनी पदराच्या फटीतून तो गेल्याची खात्री केली आणि मग त्यांना ती घुर्रघुर्र ऐकू आली.

"अगं, ह्यात गांधीलमाशी गेलीय!"

"आई, बस गुमान!"

पण त्या उठल्या होत्या. जावयाच्या किमती वस्तूत माशी शिरलेली त्यांना पाहवेना. पदर कमरेला खोचून, हातात केरसुणी घेऊन त्या थेट भिंगापाशी आल्या. फोटोत नुसती केरसुणी आली. वहीत नोंद आहे: "केरसुणी. पाच-सहा. साठ. फार जवळ."

शुक्रवारी सकाळी चंद्रभान माझ्याकडे आला. आमचे डॉक्टर गेल्यापासून तो माझ्याशी फार अदबीने बोलायचा.

"डॉक्टरीणबाई, सासूबाई रविवारी पालमला जायल्यात. एक रोल उरलाय. त्याच्यानंतर कॅमेरा गेला म्हणून समजा." एवढे बोलून त्याने गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या चामडी खोळीचे बटण लावले, उघडले, पुन्हा लावले. "तुमी बटन दाबाल का? बाकी सगळं मी करून ठेवतो."

मी हो म्हटले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पियानो शिकवत. बटण दाबणे त्याहून अवघड नसावे असे वाटले.

त्याने खडूने कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय आखले, बाजेचे पाय आखले, आकडे लावले आणि तो परसातल्या भिंतीमागे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आता अडचण उन्हाची. लिंबावर ढगाची सावली आली की आकडा बदलायला हवा आणि तो मला तिथून सांगणार. पण त्याने तोंड उघडले की चांगुणाबाईंना जावई जवळ असल्याचे कळणार. म्हणून त्याने ताट आणि उलथणे घेतले होते. एक ठोका, भोक मोठे करा. दोन ठोके, लहान करा. तीन ठोके, दाबा.

चांगुणाबाई येऊन बसल्या. आजूबाजूला पाहिले. पदर हळूहळू वर गेला आणि मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिले. रुंद कपाळ, आडवे कुंकू, हनुवटीवर गोंदण आणि डोळे असे मिश्कील की ही बाई अठरा वर्षे पदराआड काय काय पाहून हसली असेल ते मला तिथेच कळले.

ठण्.

मी भोक मोठे केले.

"हे कोन वाजवायलंय?" चांगुणाबाई म्हणाल्या.

"शेजारी भांडी घासायलेत," सरजाबाई म्हणाली.

ठण् ठण्. लहान केले. ठण्. मोठे केले. आकाशात त्या दिवशी ढगांची लगबग होती आणि चंद्रभान एकही ढग सोडत नव्हता.

"कसल्या बायका ह्या," चांगुणाबाई म्हणाल्या. "एका ताटाला इतका येळ? काय जेवले व्हते त्याच्यात?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या खदखदून हसल्या. त्याच वेळी ठण् ठण् ठण् झाले आणि मी दाबले.

सगळे संपले होते. पण चांगुणाबाईंनी विचारले, "आता ह्यातून फोटू कसा निघतो, डॉक्टरीणबाई?" आणि खोटे बोलायची मला सवय नव्हती. मी सविस्तर सांगितले. फिल्म पूर्ण अंधारात डब्यात धुतात. मग तिच्यावरून लाल दिव्यात कागदावर छापतात. औषधाच्या थाळीत चेहरा हळूहळू वर येतो.

"वर येतो. आन् थाळीपाशी कोन असतं?"

सरजाबाईने माझ्याकडे असे पाहिले की मला अजून आठवते.

"म्हंजे भिंतीमागं उभं करून काय उपेग झाला? इथं लपवलेलं तिथं थाळीत बघायचं!"

"सासूबाई," भिंतीमागून चंद्रभानचा आवाज आला आणि पदर धाडकन खाली आला. "फिल्मवर चेहरा उलटा येतो. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. त्याला तोंड म्हणत न्हाईत."

"उलटं असू दे न्हाईतर सुलटं, तोंड माझंच हाय, सरजा. सांग त्यांना."

"ऐकलं मी," भिंत म्हणाली.

मग सरजाबाई उठली. "मी छापते," ती म्हणाली.

चंद्रभान भिंतीमागून बाहेर आला, सासूबाईंकडे पाठ करून. "तू? तुला आकडे कुठं येतात?"

"तुमी दाराबाहेरून सांगा. भाकरी भाजायला कळतं मला, हे काय येगळं हाय?"

फिल्म त्यानेच डब्यात धुतली; अंधारच असतो, त्यामुळे हरकत नव्हती. बाहेर काढताना त्याने डोळे गच्च मिटून घेतले आणि ओली फिल्म माझ्या हातात दिली. मी उजेडाकडे धरली.

"गालापाशी काळं दाट हाय का विरळ?" त्याने डोळे न उघडता विचारले.

"मध्यम."

"मध्यम," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा असा फुलला की जणू बक्षीस मिळाले.

फिल्म वाळल्यावर न्हाणीचे दार बंद झाले. आत सरजाबाई, बाहेर पाटावर चंद्रभान. त्यांच्या अंगणात मी आणि पदर घेतलेल्या चांगुणाबाई.

"कागदावर फिल्म ठेवून काच दाबून बसव. पांढरा दिवा लाव. एक, दोन, तीन, चार. बंद! आता कागद थाळीत टाक. थाळी हलवत राहा."

मग आतून आवाज आला, "आवं, कुंकू आलं!"

"हलवत राहा."

"गोंदण आलं! आवं, आईचं गोंदण आलं! डोळे आले! हसायलीय हो ती!"

"आता काढ. हायपोच्या थाळीत टाक, म्हंजे चित्र पक्कं होतं."

आत थाळी हलतच राहिली.

"सरजा, काढ! काळा पडंल!"

"थांबा की जरा. बघू द्या."

तो कागद काळा पडला. तिच्याने तो काढवलाच नाही. दुसरा बरोबर आला. मग तिसरा, कारण एक भाऊ होता. चौथा, कारण दुसरा भाऊ होता. पाचवा मावशीला. चंद्रभान दाराला कान लावून कागदाची पाकिटे मोजत होता आणि कळवळत होता.

"सरजा, बास. तोच कागद मला शेळीला लागणार हाय."

"शेळी मरू द्या. गोड कागद हायेत का अजून? हे थोडे कडक दिसायलेत."

करड्या छटा देणारा गोड कागद आणि नुसते काळे-पांढरे देणारा कडक कागद हे शब्द तिने कधी उचलले होते कोण जाणे. नवरा रोज एकटाच बडबडतो असे आम्ही समजत होतो. ती ऐकत होती.

दोन तासांनी ती बाहेर आली. बोटे औषधाने पिवळी, कपाळावर घाम. चौकोनी, काडेपेटीपेक्षा जरा मोठे फोटो तिने ताटात पाण्यात ठेवले होते. तिने आईला दाखवले. चांगुणाबाईंनी पदराच्या आत नेऊन पाहिले.

"दात दिसायलेत," त्या शेवटी म्हणाल्या. "पन ऱ्हाऊ दे."

चंद्रभान चार हात लांब, तोंड फिरवून उभा होता. "मग कॅमेऱ्याचं काय ठरलं?" त्याने हळूच विचारले.

"काय ठरायचंय? दिवाळीला कडूमावशी येणार हाय. तिचा मी काढते. तुमी ताट वाजवा."

"आन् न्हाणी?"

सरजाबाईने माझ्याकडे पाहिले. मी काय म्हणणार? त्या दिवाळीतही त्यांच्या सगळ्यांची आंघोळ आमच्याकडेच झाली.

फोटो त्यांच्या बैठकीत लागला आणि त्याच्यावर सरजाबाईने हातभर छिटाचा पडदा लावला. पाहुणे आले की बाजूला करायचा, चंद्रभान जेवायला बसला की ओढायचा. घरात एकटा असताना तो पडदा सारून पाहतच असेल असे लोक म्हणत. मी एकदा सरळ विचारले. तो दुखावला. "डॉक्टरीणबाई, दाट-विरळ तुमी सांगितलं होतं ना? मग झालं." त्याच्या वहीत त्या फोटोची नोंद आहे: "सासूबाई. आठ. एकशेपंचवीस. ढग जात-येत. फोटो उत्तम असल्याचे समजते."

त्या शुक्रवारी, १७ ऑक्टोबरला, संध्याकाळी मी एवढेच लिहिले: "ज्वारी निवडून झाली. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाचा कापडी दादरा बदलला."