आपत्ती असल्यास कोपरा दुमडावा

ग्वाल्हेरला इंदरगंजात आमचं मराठी वाचनालय होतं आणि त्याच्या व्हरांड्यात एक लाकडी फळा. फळ्यावर कोणीही, कोणाला न विचारता, चिठ्ठी टाचावी अशी मुभा होती. मुभा मिळाली की माणसं काय करतात ते सांगायला नको. छप्पन साली मध्यभारत मोडून नवं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार असं ठरलं, तेव्हा तर फळ्यावर रोजची धुळवड. एकाने लिहावं, ग्वाल्हेरचं नाक कापलं. दुसऱ्याने खाली लिहावं, नाक होतं कुठे? मग चिठ्ठ्यांची फाडाफाडी. एकदा दोन पेन्शनरांनी एकमेकांच्या टोप्याही उडवल्या.

शेवटी समितीने फळा जगदेवरावांच्या स्वाधीन केला. जगदेवराव संस्थानच्या फौजेत सुभेदार होते. संस्थान विलीन झालं, फौजेची छाटणी झाली आणि हा धडधाकट माणूस घरी बसला. हुकूम ऐकायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी फळ्यालाच शिस्त लावली. ठसठशीत अक्षरांत पाटी टांगली: ‘चिठ्ठी फाडू नये. ज्यास आपत्ती असेल त्याने कोपरा दुमडावा.’ आपत्ती म्हणजे हरकत. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारात वाढलेले. पाटीत काही चुकलंय असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

संध्याकाळी जगदेवराव दुमडलेल्या चिठ्ठ्या काढत, चष्मा लावून वाचत आणि लिहिणाऱ्याला बोलावून घेत. मजकूर तिखट पण खरा असला तर चिठ्ठी पुन्हा लागे. कोणावर शिंतोडे असले तर तेवढा शब्द बदलायला लावत. नुसतीच गरळ असली तर ज्याची त्याला परत. स्वतःचं मत त्यात कधी मिसळलं नाही, एवढं मी छातीठोक सांगेन.

सगळ्यात जास्त कोपरे दुमडले जात ते मधुसूदनपंतांचे. पंत मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत कारकून, आणि जिभेला हाड नाही. ‘ग्वाल्हेरकरांना राजधानी नको, नुसता मुजरा करायला दरबार हवा,’ हे त्यांचंच. जगदेवराव म्हणत, मुजरा काढा. पंत म्हणत, मग राहिलं काय? दोघं चहा गार होईस्तोवर भांडत आणि दुसऱ्या दिवशी पंत मुद्दाम आणखी तिखट चिठ्ठी आणत. फौज गेल्यावर जगदेवरावांना जीव लावायला हे एक भांडण मिळालं होतं.

ऑक्टोबरात पंतांची भोपाळला बदली झाली. जगदेवराव एवढंच म्हणाले की सरकारी हुकूम आहे, जावं लागतं. समितीने फळ्यावर चिठ्ठी लावली: भोपाळला जाणाऱ्या मंडळींना रविवारी निरोप, चहा-चिवडा. त्याच संध्याकाळी बघतात तर तिचा कोपरा दुमडलेला.

निरोपाला हरकत कोणाची? कोणी म्हणालं पंतांच्या वैऱ्याची, पंत म्हणाले चिवड्यावर असेल. नियम म्हणजे नियम. जगदेवरावांनी चिठ्ठी काढून खिशात घातली आणि हरकत घेणारा पुढे येईपर्यंत ती लागणार नाही असं जाहीर केलं. समिती वैतागली. मला विचाराल तर चिठ्ठी खिशात आहे याचं जगदेवरावांना बरंच वाटत होतं. जणू ती लागली नाही तर पंत जाणारच नाहीत.

रात्री जेवताना त्यांनी घरी हा प्रकार सांगितला. सून पद्मा वाढत होती, तिचा हात थांबला.

“मामंजी, तो कोपरा मी दुमडला.”

पद्मा साताऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदीचा गंध नव्हता. टांगेवाल्याला म्हणाली, “खाली थांबा.” तो म्हणाला, “खाली ही है, बैठिए.” गल्ली हसली. हसली नाही ती एकटी वनमाला, पंतांची बायको. तिने पद्माला बाजार शिकवला, बोली शिकवली, आणि माहेरची आठवण आली की जवळ बसवून घेतलं. दुपारच्या बायकांच्या वेळेला दोघी वाचनालयात जात.

“तुला काय आपत्ती आहे, बेटा?” जगदेवरावांनी विचारलं.

“वनमालाताई चालल्या, हीच.” ती म्हणाली. “पाटीवर लिहिलंय ना, ज्यास आपत्ती असेल त्याने दुमडावा. मला वाटलं, ज्याच्यावर संकट आलंय त्याने असं कळवायचं असेल. इथं मी दुसरं कुणाला सांगणार?”

दुसरा कोणी असता तर पोट धरून हसला असता. जगदेवरावांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “बरोबर वाचलंस तू,” आणि अर्ध्या जेवणावरून उठले.

सकाळी त्यांनी चिठ्ठी परत फळ्यावर लावली. पद्माने दुमडलेला कोपरा त्यांनी सरळ केला नाही, उलट शेजारचाही दुमडला. पंतांनी विचारलं, हा दुसरा कोणाचा? जगदेवरावांनी त्यांना सुनेची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, “दुसरा माझा.” शब्दाशब्दावर अडणारे पंत त्या दिवशी कशावरही अडले नाहीत. उपरण्याने डोळे पुसत तिथेच उभे राहिले.

रविवारी निरोप झाला. पंत आणि वनमाला गेले, त्यांच्यासोबत निम्मी कचेरी गेली. फळ्यावर आता भाड्याच्या खोल्या आणि हरवलेल्या छत्र्या. कोपरा कोणी दुमडेना. तरी जगदेवराव रोज संध्याकाळी चष्मा लावून एकेक चिठ्ठी चाचपत.

ती निरोपाची चिठ्ठी मात्र थंडी सरली तरी तिथेच होती, पिवळी पडलेली. समितीतर्फे मीच म्हणालो, सुभेदारसाहेब, समारंभ होऊन गेला, आता काढून टाका.

“कशी काढू?” ते म्हणाले. “अजून आपत्ती आहे.”