उंबऱ्यापाशी अडलेला बूट

"हे तुमचंच ना?" असं म्हणून बाईंनी पिशवीतून बूट काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. माझा चहा कपातून बशीत आला.

बूट आमचाच होता. काळा, घोट्याच्या वर जाणारा, नाडीची भोकं मोजायला बसलं तर वेळ जावा असा. दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, वर पोटरीला बांधायचा चामडी पट्टा. चार महिन्यांपूर्वी मीच माप घेऊन तो बाईंच्या डाव्या पायाला चढवला होता. आज त्या साध्या चपलेत, भिंत धरत, पाय फरफटत आल्या होत्या.

"काय झालं? लागतो का?"

"लागत नाही. कुत्री भुंकतात."

"तुमच्यावर?"

"माझ्यावर नाही. याच्यावर."

ही एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. नगरच्या एका इस्पितळात मी ऑर्थोटिस्ट होतो. हा शब्द तेव्हा शहरात फारसा कुणाला ठाऊक नव्हता, आणि वडिलांना तर तो उच्चारायचाही नव्हता. ते निवृत्त शिक्षक. कुलकर्ण्याचा मुलगा चपला-बूट करतो, हे सांगायचं कसं? ते नुसतं "इस्पितळात असतो" म्हणायचे. समोरच्याने मला डॉक्टर समजलं, तर दुरुस्त करायचे नाहीत. खरं काम असं: ज्याचा पाय नीट चालत नाही, त्याला बाहेरून आधार देणारं उपकरण बनवायचं. पट्ट्यांचं असेल तर ते कॅलिपर. तळपायाखाली बसणारी, मापानं घडवलेली जाड गादी असेल तर ती इनसोल. माप मी घ्यायचो, कागद मी भरायचो. प्रत्यक्ष वस्तू आमचे सखाराम मिस्त्री करायचे. पगार मला जास्त होता.

बाईंचं नाव सुमन. गाव कर्जत तालुक्यातलं, घरी शेती. लहानपणी पोलिओ झाला आणि डावं पाऊल लोंबतं राहिलं. आमच्या भाषेत फूट ड्रॉप. म्हणजे पाय उचलला की पावलाचा पुढचा भाग वर येत नाही, जमिनीला घासतो आणि माणूस ठेचकाळतो. शिवाय पाऊल आतल्या अंगाला कलंडायचं, म्हणून गादी. अशा पायानं शिकून बाई ग्रामसेविका झाल्या आणि त्यांना राजूर मिळालं. डोंगराचा भाग. आजूबाजूच्या वाड्यांवर पायी जायचं, घराघरांत बायकांना आहाराचं, लेकरांच्या तब्येतीचं, बिनधुराच्या चुलीचं शिकवायचं.

त्यांनी पिशवीतून एक कागदही काढला. पंचायत समितीतून आलेलं पत्र. भाषा सरकारी होती. अर्थ एवढाच, की महिन्याभरात इस्पितळाचा दाखला आणा, नाहीतर फिरतीच्या कामास असमर्थ समजून तुम्हाला तालुक्याच्या ऑफिसात आवक-जावक रजिस्टरवर बसवण्यात येईल.

"बसून काम. वाईट नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाची बशी पुसायला घेतली.

"मला रजिस्टरच लिहायचं असतं तर कर्जतला राहिले असते," त्या म्हणाल्या. "मला सँडल पाहिजे. चालता येईल अशी. हे पोलीस पाटलाचं पायताण नको."

मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते पुस्तकाबाहेर न जाणारे गृहस्थ. "पुस्तकात बूट आहे," ते म्हणाले. मग पत्र वाचून म्हणाले, "बाजारातली सँडल घ्या, इनसोल टाका, कॅलिपर जोडा. संपलं!"

संपलं म्हणायला डॉक्टरांचं काय जात होतं? इनसोल हातात घेऊन आम्ही बाजारात गेलो. पहिल्या दुकानदारानं बायकांच्या सँडल काढल्या. गादी आत ठेवली की टाच काठाच्या वर यायची आणि पाय उतरंडीवरच्या मडक्यासारखा डुगडुगायचा.

"नंबर लहान पडतोय," दुकानदार म्हणाला.

"नाही, गादी जाड आहे."

"मग गादी काढून टाका."

मी त्याला समजावलं. गादी घालायची तर सँडल मुळातच खोल हवी. मागे टाच धरणारा पट्टा हवा, कारण चप्पल अंगठ्यानं धरून ठेवावी लागते आणि यांची बोटं धरत नाहीत. पाय पुढे जातो, चप्पल मागे राहते. तळ टणक हवा, कारण त्यालाच पट्ट्या ठोकायच्या. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, एवढं सगळं असल्यावर त्याला बूट म्हणतात."

तिसऱ्या दुकानात पुरुषांची एक रुंद सँडल मिळाली. बाईंनी पायात घालून पाहिली.

"नवऱ्याची घालून आली म्हणतील."

"लग्न झालंय?"

"नाही. म्हणून तर म्हणतील."

सखाराम मिस्त्रींनी सँडलचा आतला तळ सोलून काढला, गादीला जागा केली, मागचा पट्टा उंच केला, टाचेत पोलाद घालून कॅलिपरच्या पट्ट्या रिव्हेटनं पक्क्या केल्या. बाई व्हरांड्यात चालून आल्या. पाऊल घासत नव्हतं, कलंडत नव्हतं. मी खूश. दाखल्याचा मसुदाही मनात तयार केला.

दहा दिवसांनी बाई पुन्हा हजर.

"चालायला झकास आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मी काय नुसती चालतच राहू? पोचल्यावर काय करू?"

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदा राजूरला या. टेबलावरून नाही कळायचं."

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि वर म्हणाले, "जा कुलकर्णी, तुमच्याही बुटांना हवा लागेल."

मी नवे कोरे बूट घालून गेलो. पायांचा तज्ज्ञ म्हणून जाताना पायात काही बरं हवं, असा विचार होता. एसटीतून उतरलो आणि बाईंच्या मागे पहिल्या वाडीची चढण धरली. अर्ध्या तासात माझ्या दोन्ही टाचांना फोड आले. बाई पुढे, मी मागे. त्या वळून थांबायच्या, मी निसर्ग पाहतोय असं दाखवायचो.

पहिलं घर आलं. बाई ओट्यावर बसल्या. पोटरीचा पट्टा सोडला. सँडलचा बंद सोडला, दुसरा सोडला, पाय ओढून बाहेर काढला. कॅलिपर सँडलला ठोकलेला, त्यामुळे सँडलबरोबर तोही पायातून गेला. आणि मग कसलाही आधार नसलेला तो पाय घेऊन बाई उंबरा ओलांडून आत गेल्या. एक हात भिंतीला, एक चौकटीला. आत अंधार, जमीन सारवलेली, चुलीवर पाणी उकळतंय, लेकरू रांगतंय. परत आल्यावर ओट्यावर बसून सगळं पुन्हा बांधायचं. मग पुढचं घर. तिथं पुन्हा तेच. दुपारपर्यंत मी नऊ घरं मोजली आणि मोजणं सोडून दिलं.

एका घरात एक आजी होत्या. बाई सुनेला चुलीपाशी काहीतरी दाखवत होत्या. बाईंच्या पदराखालून मनगट दिसलं. त्यावर भाजल्याचा गुलाबी डाग होता, ताजाच. मी पाहतोय हे आजींच्या लक्षात आलं.

"मागल्या म्हैन्यात पडली की हितंच," त्या हळूच म्हणाल्या. "आधनाचं पानी हातावर आलं. कुनाला बोलली न्हाई बाई. पर आमच्यातल्याच कुनीतरी तालुक्याला सांगितलं."

तेव्हा मला पत्र कशामुळे आलं ते कळलं. बाई पडल्या त्या वेळी माझा बूट ओट्यावर होता. अगदी मजबूत, पुस्तकाबरहुकूम, ओट्यावर. टाचेच्या फोडांपेक्षा ते जास्त झोंबलं.

"आजी, तो बूट घालूनच आत येऊ दिलं तर?" मी विचारलं.

"आन् चुलीपाशी चामडं? तुमच्या घरी चालंल व्हय, दादा?"

आमच्या घरी तर मी कामावरून आलो की आई मला आधी मोरीत पाठवायची. मग म्हटलं, "चामडं नसेल तर?"

आजींनी विचार केला. "कापडाचं असंल तर येऊ दे. पर भाईर फिरल्यालं नको. आन् लवकर आवरा म्हनावं. बाई निम्मा येळ ओट्यावरच बसती, लई वंगाळ वाटतं. आमी काय तिला भाईर बसवतो व्हय?"

माझ्या अख्ख्या नोकरीत इतकी स्पष्ट ऑर्डर मला कुणी दिली नाही. चामडं नको, बाहेर फिरलेलं नको, झटपट हवं. डॉक्टर एवढं तीन पानांत लिहीत.

नगरला येऊन मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांनी बिडी विझवली.

"मंग कॅलिपर सँडलला ठोकायचाच कशाला? टाचेत आडवी नळी घालू. पट्ट्यांची टोकं आत वाकवून नळीत दोन्हीकडून खुपसायची. पट्ट्या जरा फाकवल्या की टोकं सुटली. पोटरीचा पट्टा सोडायलाच नको. अशीच नळी दुसऱ्या जोडात. यातून काढली, त्यात घातली."

"आणि पाऊल लोंबेल त्याचं काय?"

"नळीला मागनं अडसर ठेवू. पुढं वाकंल, खाली पडनार न्हाई."

ही रीत जुनीच होती. मीही शिकलो होतो. पण आमच्या इस्पितळात पहिल्यापासून रिव्हेट मारत आले म्हणून मीही रिव्हेटच मारत होतो.

डॉक्टर म्हणाले, "एका पायाला दोन जोड? पुस्तकात—"

"पुस्तकात उंबरा नाही, सर."

हे माझ्या तोंडून कसं गेलं, देव जाणे. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "करा. पण दाखला मी बघून देणार."

बाहेरच्या सँडलला मिस्त्रींनी टायरचा तळ लावला. घरातल्या जोडासाठी प्रवासात अंथरूण बांधायच्या एका जुन्या होल्डॉलचं कापड वापरलं. आतली गादी बुचाची, वर सुती कापड, टाच हलक्या लाकडाची. उजव्या पायालाही तसाच कापडी जोड, नाहीतर एक पाय उंच नि एक ठेंगणा. सगळं झालं आणि मी हात झटकले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "साहेब, पोटरीचा पट्टा चामड्याचाय."

"तो लुगड्याखाली असतो. कोण बघतंय?"

"आजीला शब्द कुनी दिला? मी न्हाई दिला."

तेव्हा पलंगाची नवार आणली आणि पट्टा नवारीचा केला.

दाखल्याच्या दिवशी गटविकास अधिकारी स्वतः आले. पत्राखाली सही त्यांचीच होती. दाखल्यासाठी बाईंना नुसतं चालवून दाखवलं असतं तरी भागलं असतं, पण मी डॉक्टरांच्या खोलीच्या दारात खडूनं एक रेघ ओढली.

"हा उंबरा," मी म्हणालो. "पलीकडे चूल. साहेब, तुम्हीही या बरोबर. बूट काढून."

बाई स्टुलावर बसल्या. पट्ट्या फाकवल्या, सँडलमधून पाय काढला, कापडी जोड चढवला, टोकं नळीत बसली. टक्, टक्. उठल्या, रेघ ओलांडली आणि खोलीच्या मधोमध भिंतीला हात न लावता उभ्या राहिल्या. मी त्यांना असं उभं राहिलेलं प्रथमच पाहत होतो. साहेब अजून एका पायावर नाचत बुटाची गाठ सोडत होते.

"असू दे, असू दे," ते बाहेरूनच म्हणाले. "द्या दाखला."

बाई राजूरला राहिल्या. पुढे त्यांचं एक कार्ड आलं. कुत्री आता मला ओळखतात, असं त्यात होतं. दुरुस्तीला मात्र त्या कधी आल्या नाहीत. त्यांनी राजूरच्या बाजारातला एक चपला शिवणारा गाठला होता. त्यानं टाचेचं लाकूड काढून तिथं काहीतरी अधिक चांगलं बसवलं, असं मी नंतर ऐकलं. काय बसवलं, ते विचारायला जायचा धीर झाला नाही.

या प्रकरणानंतर डॉक्टरांनी आमच्या मापाच्या कागदावर एक नवा रकाना छापून घेतला. पेशंट दिवसातून किती वेळा पादत्राण काढतो? मला फार अभिमान वाटला. पहिलाच पेशंट आला तो राहात्याचा ट्रक ड्रायव्हर, अपघातात घोटा मोडून जुळलेला. मी पेन सरसावून विचारलं, "दिवसातून किती वेळा बूट काढता?"

"घालतो कोन?" तो म्हणाला. "बुटात क्लच कळत न्हाई."

मी रकान्यात शून्य लिहिलं. मग पेन खिशाला लावलं आणि म्हणालो, "चला, गाडी कुठं उभी केलीय ते दाखवा."